वर्डप्रेसची नवी आवृत्ती: बटण दाबण्याआधी, दाबताना आणि नंतर

वर्डप्रेसच्या आवृत्तीचा आकडा नीट वाचता आला की निम्मी धाकधूक जाते. ६.७, ६.८, ६.९ या सगळ्या मोठ्या आवृत्त्या. ६.९ म्हणजे ६.८ची डागडुजी नव्हे. डागडुजी तिसऱ्या आकड्यात असते: ६.८.१, ६.८.२ अशी. म्हणून ६.९नंतर ७.० आली, तरी फक्त आकड्यावरून घाबरायचं कारण नाही. मोजणी सरळ पुढे जाते, इतकंच. ४.९नंतर ५.० आली तेव्हा सगळ्यांची धांदल उडाली, पण ती आकड्यामुळे नाही. डिसेंबर २०१८च्या त्या आवृत्तीत लेख लिहिण्याचा जुना एडिटर जाऊन परिच्छेद, फोटो असे ब्लॉक रचत लिहिण्याचा ब्लॉक एडिटर आला होता.

हे मार्गदर्शन स्वतःच्या होस्टिंगवर वर्डप्रेस चालवणाऱ्यांसाठी आहे. वर्डप्रेस.कॉमवर ब्लॉग असेल, तर आवृत्ती कंपनीच चढवते. तुम्ही थेट फाँटच्या भागापासून वाचा. मेनूंची नावं इंग्रजी डॅशबोर्डवर दिसतात तशी दिली आहेत. फाइलींची आणि फोल्डरांची नावं इथे देवनागरीत असली, तरी प्रत्यक्षात ती रोमन लिपीतच असतात.

आपोआप काय होऊ द्यावं

तिसऱ्या आकड्यातल्या आवृत्त्या ऑक्टोबर २०१३पासून, म्हणजे ३.७पासून, आपोआप चढतात. त्या चढू द्याव्यात. त्यांत बहुधा सुरक्षेच्या दुरुस्त्या असतात आणि त्या लांबवणं महागात पडतं. मोठ्या आवृत्तीचं तसं नाही. डिसेंबर २०२०च्या ५.६पासून नव्याने उभारलेल्या साइटवर मोठ्या आवृत्त्यासुद्धा आपोआप चढण्याची सोय चालूच असते. डॅशबोर्ड, मग अपडेट्स या पानावर वरच एक ओळ दिसते: आपोआप अपडेट फक्त देखभाल आणि सुरक्षेपुरते ठेवायचे का? ज्या साइटवर देणग्या, नोंदणी किंवा विक्री चालते, तिथे ते तेवढ्यापुरतेच ठेवा आणि मोठी आवृत्ती स्वतः, सवडीने चढवा.

सवड किती? पहिली डागडुजी येईपर्यंत थांबलं तरी पुरतं. ६.८ आली १५ एप्रिल २०२५ला आणि ६.८.१ आली ३० एप्रिलला. या पंधरवड्यात जगभरच्या साइटांवर जे फुटायचं ते फुटून घेतं आणि प्लगइनवालेही (साइटला जास्तीच्या सोयी जोडणारी सॉफ्टवेअरं बनवणारे) आपापल्या दुरुस्त्या आणतात. वर्षभर थांबणं मात्र शहाणपणाचं नाही: मधल्या दोन-तीन आवृत्त्यांचे बदल एकदम अंगावर येतात आणि बिघाड कुठल्या बदलाने झाला ते शोधत बसावं लागतं.

बॅकअप: दोन भाग, आणि मराठीची एक खास तपासणी

वर्डप्रेस साइट म्हणजे फाइली आणि डेटाबेस. लेख, प्रतिक्रिया, सेटिंग्ज डेटाबेसमध्ये. फोटो, थीम (साइटचं रूप ठरवणारा साचा), प्लगइन फाइलींमध्ये. ‘टूल्स’मधला ‘एक्सपोर्ट’ म्हणजे बॅकअप नव्हे. त्यात लेखांचा मजकूर मिळतो, पण फोटो, थीम आणि प्लगइनच्या सेटिंग्ज नसतात.

हाताने बॅकअप घ्यायचा तर होस्टिंगच्या फाइल मॅनेजरमध्ये जाऊन डब्ल्यूपी-कंटेंट हे अख्खं फोल्डर, डब्ल्यूपी-कॉन्फिग.पीएचपी आणि डॉट-एचटीॲक्सेस या तीन गोष्टींची झिप करून उतरवा. शेवटच्या फाइलचं नाव टिंबाने सुरू होतं, त्यामुळे ‘लपलेल्या फाइली दाखवा’ ही खूण केल्याशिवाय ती दिसत नाही. मग होस्टिंगमधलं डेटाबेसचं साधन पीएचपी-मायॲडमिन उघडा, डाव्या बाजूला तुमचा डेटाबेस निवडा आणि एक्सपोर्ट, क्विक, एसक्यूएल या क्रमाने फाइल उतरवा. एका होस्टिंग खात्यात अनेक डेटाबेस असतील, तर नेमका कुठला ते डब्ल्यूपी-कॉन्फिगमध्ये लिहिलेलं असतं. अंदाजाने उचलू नका.

आता मराठीची तपासणी. उतरवलेली एसक्यूएल फाइल नोटपॅड प्लस प्लससारख्या साध्या एडिटरमध्ये उघडा आणि तुमच्या एखाद्या लेखातला मराठी शब्द शोधा. तो देवनागरीत सापडला, तर बॅकअप चांगला आहे. त्याच्या जागी टोप्या-चिन्हं लावलेली रोमन अक्षरं दिसली, एकेका देवनागरी अक्षरामागे तीन-तीन, तर मजकूर शाबूत असण्याची शक्यता आहे. यूटीएफ-८ या संकेतात (अक्षरं बाइटांत साठवण्याच्या पद्धतीत) देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचं असतं; ते बाइट चुकीच्या चष्म्यातून वाचले गेले, एवढंच. यावर इलाज निघतो. पण नुसती प्रश्नचिन्हं दिसली, तर त्या फाइलमधला मजकूर कायमचा गेला. रूपांतर करतानाच मूळ बाइट टाकून दिले गेले आणि प्रश्नचिन्हावरून परत काही काढता येत नाही. असा बॅकअप हातात धरून अपडेट करू नका. एक्सपोर्टच्या ‘कस्टम’ पर्यायात जाऊन फाइलचा संकेत यूटीएफ-८ आहे का ते पाहा आणि पुन्हा उतरवा. फार जुन्या साइटवर डेटाबेसचे तक्तेच लॅटिन-१ या संकेतात असतात. तसं असेल, तर ते आधी यूटीएफ-८-एमबी-४ मध्ये आणणं हे वेगळं काम आहे. ते अपडेटच्या दिवशी काढू नका.

सर्व्हरची चाचपणी

‘टूल्स’मध्ये ‘साइट हेल्थ’, त्यात ‘इन्फो’, त्यात ‘सर्व्हर’ असं जा. पीएचपीची, म्हणजे वर्डप्रेस ज्या भाषेत लिहिलेलं आहे तिची, आवृत्ती बघा. वर्डप्रेस ६.६ ते ६.९ला किमान ७.२.२४ लागते, पण किमान म्हणजे पुरेशी नव्हे. ८.३पर्यंत जाता येत असेल तर जा. मात्र पीएचपी आणि वर्डप्रेस एकाच बैठकीत बदलू नका. आज एक, चार दिवसांनी दुसरं. दोन्ही एकदम बदलून साइट पांढरी पडली, तर दोष कुणाचा हे ठरवताना रात्र जाते.

डिस्कवर दोनशे एमबी तरी मोकळी असू द्या. वर्डप्रेसची झिप साधारण २५ एमबीची, पण ती उलगडून, जुन्या फाइलींवर नव्या चढवून होईपर्यंत जागा जास्त लागते. जागा मधेच संपली, तर निम्म्या फाइली नव्या आणि निम्म्या जुन्या अशी साइट हातात येते. स्वस्त होस्टिंगवरचे फसलेले अपडेट पाहिले, तर बऱ्याचदा कारण हेच निघतं. आणि जागा खाणारे असतात प्लगइनने तिथेच साठवून ठेवलेले जुने बॅकअप.

आधी नक्कलेवर

बहुतेक चांगल्या होस्टिंगमध्ये स्टेजिंगचं बटण असतं. ते साइटची हुबेहूब नक्कल करून देतं. नक्कल झाल्यावर लगेच दोन गोष्टी करा. ‘सेटिंग्ज’, ‘रीडिंग’मध्ये शोधयंत्रांना ही साइट दाखवू नका अशी खूण करा, नाहीतर गूगलला तुमचे सगळे लेख दुप्पट दिसतील. आणि वर्गणीदारांना ईमेल पाठवणारं प्लगइन तिथे बंद करा, नाहीतर चाचणीचा लेख शेकडो लोकांच्या इनबॉक्समध्ये जाऊन पडेल.

स्टेजिंग नसेल आणि नवी आवृत्ती दिसते कशी एवढंच पाहायचं असेल, तर वर्डप्रेस प्लेग्राउंड आहे. ब्राउझरच्या एका टॅबमध्ये अख्खं वर्डप्रेस चालतं, काही बसवावं लागत नाही. काम जपून न ठेवता टॅब बंद केला, की सगळं जातं. हात साफ करायला उत्तम. पण तुमचे प्लगइन तुमच्या सर्व्हरवर कसे वागतील, हे त्यावरून कळत नाही.

चढवण्याचा क्रम

क्रमाबद्दल मतभेद आहेत. आमचं मत: आधी प्लगइन, मग थीम, शेवटी वर्डप्रेस. जाणते प्लगइनवाले मोठ्या आवृत्तीच्या आधीच तिच्याशी जुळणारी सुधारणा आणून ठेवतात. ती घेतलेली असेल, तर वर्डप्रेस चढवताना ठेच लागत नाही.

प्लगइन एकेक करून चढवा. ‘सिलेक्ट ऑल’चा मोह टाळा. प्रत्येकानंतर दुसऱ्या ब्राउझरमध्ये, लॉगिन न करता, मुखपृष्ठ आणि एक लेख उघडून बघा. प्लगइनच्या पानावर ‘गेल्या तीन मोठ्या आवृत्त्यांवर तपासलेलं नाही’ असा पिवळा इशारा असेल, तर ते लगेच फुटेल असं नाही, पण त्याचा वाली उरलेला नसावा. त्याला पर्याय शोधायला घ्या.

मग थीम. थीमच्या फाइलींत थेट बदल केले असतील, तर अपडेटमध्ये ते पुसले जातात, कारण फोल्डर पूर्ण बदललं जातं. असे बदल चाइल्ड थीममध्ये, म्हणजे मूळ थीमवर आधारलेल्या वेगळ्या थीममध्ये, हवेत. रंग-मापांपुरते असतील, तर ‘कस्टमाइज’मधल्या ‘ॲडिशनल सीएसएस’मध्ये हलवले तरी पुरे.

मग ‘अपडेट नाऊ’. टॅब बंद करू नका, पान ताजं करू नका. झाल्यावर डेटाबेस अद्ययावत करायला सांगणारं पान आलं, तर बटण दाबा. ती नेहमीची पायरी आहे. शेवटी अपडेट्सच्या पानावर अगदी तळाशी जा. तिथे ‘ट्रान्सलेशन्स’ हा वेगळा भाग असतो. मराठी भाषेच्या फाइली तिथून येतात. त्या चढवल्या नाहीत, तर नव्या सोयींची नावं इंग्रजीत आणि जुनी मराठीत, असं धेडगुजरी रूप दिसतं.

आता तपासा: नवा लेख प्रसिद्ध होतो का, फोटो चढतो का, प्रतिक्रिया जाते का, संपर्काचा अर्ज भरल्यावर ईमेल खरोखर येतो का, मराठी शब्द टाकून शोध चालतो का. कॅशिंग प्लगइन (पानांच्या तयार प्रती साठवून दाखवणारं) असेल, तर हे सगळं त्याची कॅश रिकामी करून मगच करा. नाहीतर कालची साइट पाहून आज सगळं ठीक आहे असं वाटतं.

बिघडलं तर

‘देखभालीसाठी थोडा वेळ बंद’ असा संदेश जाता जात नाही: अपडेट सुरू झाल्यावर वर्डप्रेस मुख्य फोल्डरमध्ये डॉट-मेंटेनन्स नावाची फाइल ठेवतं आणि काम संपल्यावर काढतं. काम अर्धवट तुटलं, की फाइल तिथेच राहते. दहा मिनिटं थांबा. तेवढ्यानंतर वर्डप्रेस त्या फाइलकडे दुर्लक्ष करतं. घाई असेल, तर फाइल मॅनेजरमधून ती उडवा. हीसुद्धा लपलेलीच फाइल. मग अपडेट पुन्हा चालवा, कारण ते अपुरं राहिलेलं असतं. तेव्हा ‘दुसरं अपडेट चालू आहे’ असं उत्तर मिळालं, तर ते कुलूप पंधरा मिनिटांनी आपोआप सुटतं.

‘गंभीर त्रुटी’चा संदेश: मे २०१९च्या ५.२पासून वर्डप्रेस अशा वेळी प्रशासकाच्या पत्त्यावर ईमेल पाठवतं. त्यात कुठल्या प्लगइनने किंवा थीमने घात केला ते लिहिलेलं असतं आणि ‘रिकव्हरी मोड’चा दुवा असतो. त्या दुव्याने आत गेलात, की दोषी प्लगइन फक्त तुमच्यापुरतं थांबवलेलं असतं. ते रीतसर बंद करून बाहेर पडा. दुवा एक दिवस चालतो आणि असा ईमेलही दिवसातून एकदाच येतो, म्हणून तो सांभाळा. ‘सेटिंग्ज’, ‘जनरल’मधला पत्ता तुमचा आहे ना, की साइट बनवून देऊन गेलेल्या माणसाचा, हे अपडेटच्या आधीच बघून ठेवा.

ईमेल आलाच नाही, तर फाइल मॅनेजरमध्ये डब्ल्यूपी-कंटेंटच्या आतल्या प्लगइन्स फोल्डरचं नाव बदला, शेवटी ‘-जुने’ अशा अर्थाचं काहीही जोडा. साइट उघडली, तर गुन्हेगार प्लगइनच आहे. डॅशबोर्डमध्ये जाऊन प्लगइनचं पान एकदा उघडा म्हणजे सगळी बंद झाल्याची नोंद होईल. मग फोल्डरचं नाव पूर्ववत करा आणि एकेक सुरू करत जा. जे सुरू केल्यावर साइट पडेल, ते दोषी.

मुखपृष्ठ दिसतं, पण प्रत्येक लेखावर ४०४ (‘पान सापडत नाही’): ‘सेटिंग्ज’, ‘परमालिंक्स’मध्ये जा, काहीही न बदलता ‘सेव्ह’ करा. पत्त्यांचे नियम नव्याने लिहिले जातात आणि बहुतेक वेळा तेवढ्यानेच भागतं.

अलीकडच्या आवृत्त्यांत थोडी सुरक्षा आपोआपही मिळते. ६.३पासून प्लगइन चढवताना काम तुटलं, तर जुनी प्रत परत बसवली जाते. ६.६पासून आपोआप चढलेल्या प्लगइनमुळे पीएचपीची गंभीर त्रुटी आली, तर तेही मागे घेतलं जातं. पण प्लगइन ‘चालतं’, फक्त देणगीचं बटण दाबल्यावर काही होत नाही, हे वर्डप्रेसला कळत नाही. ते तुम्हालाच पाहावं लागतं.

आणि मागे जायची वेळ आलीच, तर फाइली आणि डेटाबेस दोन्ही एकाच दिवसाच्या बॅकअपमधून परत आणा. फक्त फाइली जुन्या करून भागत नाही. ६.८ने पासवर्ड साठवण्याची पद्धत बदलून बीक्रिप्ट आणली. त्या आवृत्तीवर कुणी लॉगिन केलं, की त्याचा पासवर्ड नव्या पद्धतीने साठवला जातो. मग डेटाबेस तसाच ठेवून ६.७च्या फाइली आणल्या, तर जुन्या वर्डप्रेसला तो ओळखता येत नाही आणि बरोबर पासवर्ड टाकूनही दार उघडत नाही.

फाँट लायब्ररी: मराठीसाठी सगळ्यात कामाची भर

२ एप्रिल २०२४ला आलेल्या ६.५मध्ये फाँट लायब्ररी आली. ब्लॉक थीम (जिचे सगळे भाग ब्लॉक एडिटरमध्ये बदलता येतात ती) असेल, तर हवा तो फाँट कोड न लिहिता बसवता येतो, आणि तो तुमच्याच सर्व्हरवर उतरतो, अपलोड्सच्या आतल्या फाँट्स फोल्डरमध्ये. वाचकाच्या ब्राउझरला गूगलकडे जावं लागत नाही. युरोपातल्या महाराष्ट्र मंडळांच्या साइटांना हे विशेष सोयीचं: जानेवारी २०२२मध्ये म्युनिकच्या न्यायालयाने गूगलच्या सर्व्हरवरून फाँट मागवणाऱ्या एका साइटला, वाचकाचा आयपी पत्ता संमतीशिवाय पुढे गेला म्हणून, १०० युरो भरपाई द्यायला लावली होती.

पण फाँटच्या आधी भाषा. ‘सेटिंग्ज’, ‘जनरल’, ‘साइट लँग्वेज’मध्ये मराठी निवडा. यामुळे प्रत्येक पान ‘मी मराठी आहे’ असं ब्राउझरला सांगतं आणि ज्या फाँटमध्ये सोय आहे, त्यात ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचे उमटतात. इथे इंग्रजी ठेवलं, तर तोच फाँट हिंदी वळणाची अक्षरं दाखवतो आणि वाचकाला काहीतरी खटकत राहतं, काय ते सांगता येत नाही. तुम्हाला डॅशबोर्ड इंग्रजीत सोपा जात असेल, तर ‘युजर्स’, ‘प्रोफाइल’मध्ये स्वतःपुरती इंग्रजी ठेवा. दोन्ही एकाच वेळी जमतं.

आता ‘अपिअरन्स’, ‘एडिटर’, ‘स्टाइल्स’, ‘टायपोग्राफी’ असं जा आणि ‘फाँट्स’च्या शेजारचं व्यवस्थापनाचं चिन्ह दाबा. तीन टॅब दिसतील: लायब्ररी, अपलोड आणि इन्स्टॉल. इन्स्टॉलमध्ये पहिल्यांदा गूगल फाँट्सशी जोडायची परवानगी द्यावी लागते. ही जोडणी तुमच्या डॅशबोर्डपुरती असते, वाचकाच्या पानावर नाही. फाँट शोधा आणि फक्त लागतील तेवढी वजनं निवडा: मजकुराला ४००, ठळकला ७००. जोडाक्षरांमुळे देवनागरी फाँटच्या फाइली एरवीही जड असतात. सातही वजनं घेतली, तर फोनवरचा वाचक ताटकळतो.

कुठला घ्यावा? मुंबईच्या एक टाइपचा ‘मुक्त’ लांब मजकुराला सरळ, स्वच्छ आणि २०० ते ८०० अशा सात वजनांत मिळतो. त्याला तिरपं रूप नाही, म्हणून तिरपा केलेला मजकूर ब्राउझरने ओढूनताणून वाकवलेला असतो. त्यांचाच ‘बलू २’ गुबगुबीत आहे. मथळ्यांना शोभतो, परिच्छेदांना नाही. ‘टिरो देवनागरी मराठी’त मराठी वळणं मुळातच आहेत, छापील पुस्तकाचा भास होतो. त्याला साधं आणि तिरपं अशी दोनच रूपं आहेत, ठळक नाही. ठळक केलंत, तर ब्राउझर रेघा फुगवतो आणि ‘क्ष’, ‘द्ध’ यांची पोटं बुजतात. तो मजकुराला आणि ‘मुक्त’ मथळ्यांना, ही जोडी चांगली जुळते.

बसवल्यावर एक ओळ लिहून तपासा: शाळा, लाल, दऱ्या, वाऱ्यावर, ऱ्हास, क्षण, ज्ञान, बुद्धी, ॲप, ऑक्टोबर. यातला ‘ॲ’ महत्त्वाचा. युनिकोडमध्ये त्याला स्वतंत्र जागा मिळाली २००८च्या ५.१ आवृत्तीत. त्याआधीच्या किंवा निष्काळजीपणे बनवलेल्या फाँटमध्ये तो नसतो आणि मधेच वेगळ्याच फाँटमधलं अक्षर किंवा रिकामी चौकट दिसते.

मग अक्षरांची मापं. ‘स्टाइल्स’मध्ये मजकुराचा आकार १८ ते २० पिक्सेल, ओळींमधलं अंतर १.७च्या आसपास ठेवा. बऱ्याच थीममध्ये हे १.४ ते १.५ असतं. रोमन लिपीला ते पुरतं, पण आपल्याकडे वर वेलांटी-मात्रा आणि खाली उकार असल्याने दोन ओळी एकमेकींत अडकतात. ‘लेटर स्पेसिंग’ शून्यच हवं. मथळ्यांना मोकळी अक्षरं देण्याची फॅशन असलेल्या थीममध्ये ते आधीच भरलेलं असतं आणि प्रत्येक अक्षरानंतर शिरोरेघ तुटते. परिच्छेदाचं ‘ड्रॉप कॅप’ही बंद ठेवा. पहिलं अक्षर जोडाक्षर निघालं, की ते नीट वेगळं होईलच याचा भरवसा नसतो.

मराठी मथळा आणि लेखाचा पत्ता

लेखाचा मथळा मराठीत लिहिला, की वर्डप्रेस त्याचाच पत्ता करतं, म्हणजे स्लग. इथे एक मर्यादा आहे. स्लगला २०० जागा मिळतात आणि पत्त्यात देवनागरीचं प्रत्येक चिन्ह नऊ जागा खातं. काना, मात्रा, हलन्त हीसुद्धा वेगळी चिन्हं धरली जातात. म्हणजे जेमतेम बावीस चिन्हं. ‘महाराष्ट्रातील जुनी मंदिरे आणि त्यांची शिल्पे’ असा मथळा दिला, तर पत्ता ‘महाराष्ट्रातील-जुनी-मंदि’ इथे तुटतो: पहिल्या शब्दाची चौदा चिन्हं, दुसऱ्याची चार आणि तिसऱ्याची उरलेली चार. शिवाय हा दुवा व्हॉट्सॲपवर चिकटवला, की टक्केचिन्हांची लांबलचक माळ होते.

म्हणून प्रसिद्ध करण्याआधी उजव्या पट्टीतली लेखाच्या पत्त्याची ओळ दाबा आणि रोमन लिपीत तीन-चार शब्दांचा पत्ता स्वतः लिहा. लेख आधीच प्रसिद्ध झाला असेल, तरी स्लग बदलता येतो. जुना पत्ता वर्डप्रेस लक्षात ठेवतं आणि वाचकाला नव्याकडे नेतं. ही सोय फक्त ‘पोस्ट’साठी आहे, ‘पेज’साठी नाही. ‘आमच्याविषयी’सारख्या पानाचा पत्ता बदललात, तर जुन्या दुव्यावर ४०४च मिळतं, तिथे वळवणूक करणारं प्लगइन लागतं.

बाकीच्या सोयींपैकी

तळटीपा ६.३मध्ये आल्या. वाक्याच्या शेवटी कर्सर ठेवून पट्टीतल्या खालच्या बाणातून ‘फूटनोट’ निवडा. क्रमांक आपोआप पडतो आणि मधे नवी टीप घातली तर बदलतोही. क्रमांक मात्र इंग्रजी अंकांत (1, 2, 3) येतात. मोठी अडचण वेगळीच: टीपांचा मजकूर लेखाच्या मजकुरात नसतो, तो बाजूला साठवलेला असतो. एका लेखातला मजकूर उचलून दुसऱ्यात चिकटवला, तर क्रमांक येतात, टीपा येत नाहीत. लांब संशोधनपर लेख असतील, तर ते लक्षात ठेवूनच ही सोय घ्या.

डिसेंबर २०२५च्या ६.९मधल्या ‘नोट्स’ ऑनलाइन दिवाळी अंक काढणाऱ्यांनी जरूर वापराव्यात. परिच्छेद निवडा, तीन टिंबांच्या मेनूतून नोट जोडा. लेखक त्याखाली उत्तर देतो, काम झालं की ती मिटवता येते. वाचकांना यातलं काही दिसत नाही. ६.९मध्ये नोट अख्ख्या ब्लॉकला लागते, एका शब्दाला नाही. त्यामुळे ‘ऱ्हस्व-दीर्घ बघा’ असं मोघम लिहू नका, चुकलेला शब्द नोटमध्ये उतरवा.

सिंक्ड पॅटर्न म्हणजे पूर्वीचे ‘रियूजेबल ब्लॉक’, नाव ६.३मध्ये बदललं. लेखाच्या शेवटी येणारी वर्गणीची माहिती यात ठेवली, की एका जागी बदल करून सगळीकडे होतो. तोच धोकाही: एका लेखापुरता बदल करायला जाल आणि तो पाचशे लेखांत उमटेल. एका लेखापुरतं बदलायचं असेल, तर आधी मेनूतून पॅटर्न ‘डिटॅच’ करा.

आयफोनवरचे एचईआयसी फोटो ६.७पासून थेट चढवता येतात, वर्डप्रेस त्यांचं जेपेग करून घेतं. सर्व्हरवर इमेजमॅजिक त्या सोयीसह असावं लागतं. नसेल, तर फोनच्या कॅमेऱ्याच्या सेटिंग्जमध्ये ‘मोस्ट कॉम्पॅटिबल’ निवडा. कंट्रोल आणि के दाबून उघडणारी कमांडची चौकट ६.९पासून डॅशबोर्डभर चालते, पण एडिटरमध्ये मजकूर निवडलेला असताना त्याच कळा दुवा जोडतात. ६.८मधलं पुढच्या पानाची आगाऊ तयारी करणारं तंत्र लॉगिन न केलेल्या वाचकांसाठी आपोआप चालतं. त्यासाठी काहीही करायचं नाही, फक्त परमालिंक ‘प्लेन’वर ठेवलेले नसावेत.